शिशावरून कळणारं गाळाचं वय

पंचगंगेचा पूर ओसरला की उसाच्या सऱ्यांत गाळ उरतो आणि मोबाइलवर ‘हजार वर्षांत असा पूर आला नव्हता’ असले दावे फिरत राहतात. कुणी त्याला दैवी कोपही म्हणतं. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पूर मोठेच होते. पण हजार वर्षांची मोजणी कुणी केली? ती असलीच तर गाळात आहे, आणि थराचं वय काढता आलं तरच ती वाचता येईल.

शेतातला गाळ यासाठी कुचकामी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांतून खाली पडते, पावसाळ्यात सगळं फुगून एक होतं. शिवाय नांगर फिरतोच. त्यामुळे संथ पाण्याच्या तळाशी, कुणी ढवळलेलं नाही अशा जागी नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढतात आणि त्याचे सेंटीमीटरभर जाडीचे काप करतात.

गेल्या शे-सव्वाशे वर्षांसाठी मला सर्वांत आवडतं ते शिसे-२१०, म्हणजे शिशाचा एक किरणोत्सारी प्रकार. मातीत आणि खडकांत थोडं युरेनियम असतंच. त्याच्या क्षयातून टप्प्याटप्प्याने रेडियम आणि मग रेडॉन तयार होतो. रेडॉन वायू असल्याने त्यातला काही जमिनीतून हवेत निसटतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, चार दिवसांपेक्षाही कमी. हवेतच त्याचा क्षय होत होत शिसे-२१० बनतं, धूलिकणांना चिकटतं आणि पावसाबरोबर खाली येतं. तळाशी बसणाऱ्या ताज्या गाळाला हे आभाळातलं शिसं मिळतं. वर पुढचा थर बसला की पुरवठा बंद, मग फक्त घट: सुमारे २२ वर्षांत निम्मं, ४४ वर्षांत पाव, ६६ वर्षांत अष्टमांश.

गोम पुढे आहे. गाळातल्या रेडियमपासूनही जागच्या जागी थोडं शिसे-२१० बनत राहतं. म्हणून रेडियम-२२६ वेगळं मोजून हा वाटा एकूण शिशातून वजा करतात. उरलेल्या ‘अतिरिक्त’ शिशाचा लॉगरिदम खोलीप्रमाणे मांडला, आणि गाळ एकाच वेगाने साचत आला असेल, तर सरळ रेघ मिळते. तिच्या उतारावरून साचण्याचा वेग निघतो. मोठ्या पुरात मात्र ही रेघ मोडते. काठ खचून आलेली, खोलवरची जुनी माती थोड्याच दिवसांत जाड थराने बसते आणि तिच्यात आभाळातलं शिसं फार कमी असतं. वयाचं गणित करताना या थराची जाडी वगळावी लागते, पण पुराची खूणही तोच देतो. पडताळा म्हणून सीझियम-१३७ पाहतात: वातावरणातल्या अणुचाचण्यांमुळे त्याचं प्रमाण १९६३ च्या सुमारास शिगेला पोचलं होतं.

याहून मागे जायचं तर सजीवांच्या अवशेषांतला किरणोत्सारी कार्बन-१४. त्याचं अर्धायुष्य ५७३० वर्षं, आवाका जेमतेम ५० हजार वर्षांचा. तळ्याच्या गाळातल्या परागकणांवरून जंगल होतं की गवताळ रान, हे कळतं. अरबी समुद्रात ओमानच्या किनाऱ्यालगत नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात असले की खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि ‘ग्लोबिजेरिना बुलॉइड्स’ हा सूक्ष्म जीव वाढतो. तळाच्या चिखलातली त्याची कवचं मोजून जुन्या मान्सूनच्या जोराचा अंदाज बांधतात. मात्र समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो, त्यामुळे कवचांचं वय साधारण ४०० वर्षांनी किंवा त्याहूनही जास्त फुगून येतं. ही दुरुस्ती विसरली, तर एकाच दुष्काळाची तळ्यातली आणि समुद्रातली नोंद दोन वेगळे दुष्काळ म्हणून वाचली जाईल.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत महाराष्ट्रातल्या जलसाठ्यांमधला गाळ शेतात जातो. शेतकऱ्याला तो हवाच आहे, त्याला विरोध नाही. पण यंत्र लावण्याआधी प्रत्येक जुन्या तलावाच्या मधोमध, सगळ्यांत खोल जागी एक नळी घालून उभा नमुना काढावा, थर हलू न देता त्याची तोंडं बंद करावीत आणि वरचं टोक कोणतं ते त्यावर लिहून ठेवावं. मोजणी नंतरही करता येईल. एकदा ढवळलेल्या गाळातले थर परत लावता येत नाहीत.