बुरीराम पीईए आणि बुरीराम एफसी: एकाच गावाचे दोन संघ, पण गावचा कोणता?

थायलंडच्या फुटबॉलचे 2011 चे निकाल चाळताना हमखास गोंधळ उडतो. त्या वर्षी थाय प्रीमिअर लीग जिंकली 'बुरीराम'ने आणि तिच्या खालची डिव्हिजन वन जिंकली तीही 'बुरीराम'नेच. छपाईची चूक नाही. एकाच गावाचे दोन वेगळे संघ होते, वरचा बुरीराम पीईए आणि खालचा बुरीराम एफसी. दोन्ही चिदचोब या राजकारणी घराण्याच्या हातात.

आधी गावाच्या नावाचं. आपल्याला त्यात राम दिसतो, पण तो तिथे नाही. 'बुरी' म्हणजे पुरी आणि 'रम' म्हणजे रम्य. रम्यपुरीच म्हणा ना! कंबोडियाच्या सीमेला लागून असलेला, ईशान्य थायलंडमधला, ज्याला तिथे इसान म्हणतात त्या भागातला हा प्रांत.

आता ज्याचा आज सगळीकडे बोलबाला आहे तो संघ, म्हणजे बुरीराम पीईए. तो मुळात या गावचा नव्हेच. पीईए म्हणजे बँकॉकबाहेरच्या प्रांतांना वीज पुरवणारं सरकारी मंडळ, साधारण आपल्या महावितरणसारखं. त्याच्या कर्मचाऱ्यांचा संघ 1970 मध्ये उभा राहिला आणि 2008 मध्ये थेट देशाचा विजेता झाला. तेव्हा त्याचं बस्तान होतं अयुथयाला. 2009 संपता संपता बुरीरामचे नेते नेविन चिदचोब यांनी तो घेतला आणि आपल्या गावी आणला. 2007 मध्ये न्यायालयाने त्यांच्यावर पाच वर्षांची राजकारणबंदी घातली होती, म्हणजे हाताशी वेळ होता. (हा अंदाज माझा, नेविन यांचा नव्हे.) 2010 च्या हंगामात संघ 'बुरीराम पीईए' म्हणून उतरला आणि दुसरा आला. पुढच्या वर्षी लीग, एफए कप आणि लीग कप असे तिन्ही चषक घेऊन गेला. 2012 मध्ये नावातलं 'पीईए' गळालं आणि 'बुरीराम युनायटेड' आलं. गंमत म्हणजे टोपणनाव आजही 'प्रासात साय फा', विजेचा प्रासाद! प्रासाद हा याच प्रांतातल्या विझलेल्या ज्वालामुखीवरचं फनोम रुंग हे ख्मेर काळातलं शिवमंदिर. ते संघाच्या चिन्हातही आहे.

दुसरा, बुरीराम एफसी, हा खरा प्रांताचा संघ. प्रादेशिक लीगमधून 2010 मध्ये वर चढला, 2011 मध्ये डिव्हिजन वन जिंकून पुन्हा वर. आता मात्र एकाच घराचे दोन संघ एकाच लीगमध्ये समोरासमोर येणार होते. मग एक विकला गेला. कोणता? गावचाच. तो हजाराहून जास्त किलोमीटरवर, दक्षिण टोकाच्या सोंगख्लाला गेला आणि 2012 मध्ये 'वुआचोन युनायटेड' झाला. वुआचोन म्हणजे झुंजीचा बैल. दक्षिण थायलंडमध्ये बैलाविरुद्ध बैल झुंजवतात, अगदी गोव्यातल्या धिरयोसारखं. पुढे त्याचंच सोंगख्ला युनायटेड झालं. थोडक्यात, बाहेरून आलेला गावचा झाला आणि गावचा परगावी नांदायला गेला. थायलंडमध्ये संघाची लीगमधली जागा विकत मिळते, तिच्यावर नाव आणि गाव नंतर चिकटवता येतं. मला हे काही रुचत नाही, पण बुरीरामच्या प्रेक्षकांनी हा आयता संघ पहिल्या वर्षापासून आपलासा केला, हेही खरंच.

मैदानांचाही असाच घोळ. जुनं ते खाओ क्रादोंग, हेही नाव एका विझलेल्या ज्वालामुखीचंच. नवं 2011 मध्ये आय-मोबाइल स्टेडियम म्हणून उघडलं आणि आता चांग अरेना म्हणून ओळखलं जातं. क्षमता 32,600. भोवती धावण्याचा ट्रॅक नाही, त्यामुळे पहिली रांग थेट टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेच्या, अंगावर येते. शेजारीच 2014 मध्ये सुरू झालेलं चांग इंटरनॅशनल सर्किट, जिथे 2018 पासून मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत होते. 'चांग' म्हणजे हत्ती, आणि दोन्हीकडे तो एकाच बिअरचा. तेव्हा तिकीट काढताना 'चांग'च्या पुढचा शब्द नीट वाचून घ्या.