पासष्ट अक्षरांची ओळ

डॉक्टरांनी सांगायचं आणि रुग्णालयातल्या टायपिस्टने उतरवायचं, ही अमेरिकेतली पद्धत जुनीच. मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात ते हे काम पुण्यात आलं, ते आवाजाची फाइल इंटरनेटवरून पाठवता येऊ लागल्यावर. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कसाठी १९९० साली देशात पहिल्यांदा जी तीन शहरं निवडली, त्यांत पुणे होतं. इंटरनेट जोडणीचा प्रश्न त्यामुळे इथे लवकर सुटला. घड्याळही सोयीचं होतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळचे सहा वाजले की इथे पहाटेचे साडेतीन. तिकडच्या दिवसभराच्या फाइली इथे सकाळच्या पाळीला मिळायच्या आणि चोवीस तासांची मुदत पाळता यायची. घोळ व्हायचा तो गुरुवारी, दुरुस्तीसाठी वीज बंद असली की. त्या दिवशी इन्व्हर्टरची बॅटरी उतरली तर मुदत हुकलीच.

मग क्लासेस निघाले. बीएस्सी, बीएचएमएस झालेली मुलं पायाखाली आवाज चालू-बंद करायचं फूट पेडल घेऊन बसू लागली. पेडल सोडून पुन्हा दाबलं की आवाज एक-दोन सेकंद मागून सुरू होतो. ही छोटीशी सोय नसती तर हे काम झालंच नसतं. मुरलेल्या एमटीला, म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्टला, मिनिटभराच्या डिक्टेशनला तीन-चार मिनिटं लागतात, नवख्याला आठ-दहा. ‘इलियम’ ऐकलं की आतडं की कमरेचं हाड, हे संदर्भावरून ठरवायचं, कारण उच्चार एकच आणि स्पेलिंगमध्ये फरक फक्त एका अक्षराचा. पंधरा मिलिग्रॅम की पन्नास, हे कळलं नाही तर अंदाज न बांधता ब्लँक सोडून क्यूएकडे, म्हणजे काम तपासणाऱ्याकडे, पाठवायचं. हे सगळं क्लासमध्ये शिकवत. पैसे ज्यावर मिळणार ती ओळ म्हणजे काय, हे मात्र फारसं कुणी नीट सांगत नसे.

कागदावर दिसते ती ओळ म्हणजे बिलातली ओळ नव्हे. सुरुवातीला कुठे कुठे ‘ग्रॉस लाइन’ चाले, म्हणजे एक शब्द असला तरी ओळ पूर्ण धरायची. पुढे ६५ अक्षरांची ओळ रूढ झाली. पण अक्षर कशाला म्हणायचं? मोकळी जागा मोजायची का? ठळक करायला दाबलेली कळ, शिफ्ट, एंटर? डॉक्टर नुसतं ‘माझी नेहमीची तपासणी’ म्हणतो आणि साठवलेला अख्खा परिच्छेद येऊन बसतो, तो कुणाच्या खात्यावर? प्रत्येक कंपनीचं मोजणीचं सॉफ्टवेअर आपापलं उत्तर देई.

एका रिपोर्टमध्ये ३,९०० अक्षरं आहेत आणि त्यांतल्या ६५० मोकळ्या जागा आहेत, असं धरा. सगळं मोजलं तर ६० ओळी. मोकळ्या जागा वगळल्या तर ५०. काम तेच, दर तोच, कमाई सहाव्या हिश्शाने कमी. मधल्या कंपनीने वर एका व्याख्येने बिल लावायचं आणि खाली दुसरीने पैसे द्यायचे, याला वाव इथेच होता. कामावर तीन-चार ठेकेदारांचे हात फिरत, आणि शेवटी टाइप करणाऱ्याला वरची व्याख्या दिसायचीच नाही.

२००७ साली अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनांनी ‘दिसणारं काळं अक्षर’ हे माप सुचवलं: कागदावर डोळ्यांना दिसतं तेवढंच मोजा, मोकळ्या जागा आणि फॉरमॅटिंग सोडा. हे कुणालाही तपासता येतं, म्हणून ते पारदर्शक, असा दावा होता आणि तो खराही होता. पण जुना दर तसाच ठेवून नवं माप लावलं, तर त्या पारदर्शकतेची किंमत टाइप करणाऱ्याच्या खिशातून जाते. दर त्याच प्रमाणात वाढवा, ही साधी मागणी करायला इथे कुणाची संघटना नव्हती.

२००३ साली हेच काम करणाऱ्या कराचीतल्या एका महिलेने थकलेल्या पैशांसाठी अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकण्याची धमकी दिली. त्यावर गोपनीयतेची भरपूर चर्चा झाली, पैसे का थकले याची कमी.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. २००९ च्या कायद्याने अमेरिकेत संगणकीय नोंदींना अनुदान मिळालं आणि डॉक्टर स्वतःच चौकटींवर टिचक्या मारू लागले. बोललेलं यंत्र लिहू लागलं, एमटीचा एडिटर झाला आणि ओळीचा दर निम्म्यावर आला. काम मात्र निम्मं झालं नाही. यंत्राने ‘ताप नाही’ मधला ‘नाही’ गाळला तरी वाक्य सफाईदारच दिसतं, आणि डोळा त्यावरून पुढे सरकतो. तो ‘नाही’ पकडायचा तर फाइल पूर्ण ऐकावीच लागते. ऐकण्याचे तर पहिल्यापासूनच पैसे नव्हते.