पेट्रोलचा काटा झोपला म्हणजे मीटर गेला?

जुनी गाडी घेतली, टाकी फुल केली, तरी पेट्रोलचा काटा ढिम्म. मग कुणीतरी सांगतोच, ‘मीटर गेला, अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागेल.’ बहुतेक वेळा हे खरं नसतं. काटा फक्त निरोप दाखवतो, निरोप पाठवतो टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा. पेट्रोलबरोबर तो वरखाली होतो, त्याचा दांडा रोधक (विजेला अडवणाऱ्या) तारेवर सरकतो आणि करंट कमीजास्त होतो. वर्षानुवर्षं घासून ती तार झिजते, नाहीतर टाकीची अर्थ, म्हणजे तिची गाडीच्या बॉडीशी असलेली विजेची जोडणी, गंजते. गंजलेली अर्थ तर दहा मिनिटांचं काम, पण पहिल्यांदा तिथे कोण बघतो!

काट्यांच्या जुन्या गाड्यांत खात्री करणं सोपं आहे. फ्लोटची वायर काढा, चावी ऑन करा, काटा बघा. मग चावी बंद करून ती वायर बॉडीला जोडा आणि पुन्हा थोडा वेळच ऑन करा. काटा एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर मीटर ठणठणीत. काही काटे सावकाश चढतात, घाई नको. टाकी उघडी असताना मात्र हे करू नका, ठिणगी पडू शकते. डिजिटल मीटरला हा प्रयोग लागू नाही.

पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकदम बिघडले, तरच संशय मीटरमागच्या व्होल्टेज रेग्युलेटरवर (दोन्ही काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणारा भाग) किंवा तिथल्या अर्थवर घ्या.