मराठी ई-बुकला एवढा उशीर का झाला

ई-बुकचा विषय निघाला की सगळे किंडलपासून, म्हणजे अमेझॉनच्या ई-बुक वाचायच्या उपकरणापासून, सुरुवात करतात, पण गोष्ट बरीच जुनी आहे. ४ जुलै १९७१ ला इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा कॉम्प्युटरवर टाइप केला, तिथून फुकट ई-बुकं देणारं प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू झालं. १९९८ मध्ये रॉकेट ई-बुक हे हातात धरून वाचायचं उपकरण आलं, पण त्या स्क्रीनवर तासन् तास वाचणं कठीणच. खरा फरक ई-इंक नावाच्या वेगळ्या स्क्रीनने पडला. त्यात अगदी बारीक कॅप्सूलमधले काळे-पांढरे कण विजेने वरखाली सरकतात आणि पुढचं पान उलटेपर्यंत विजेशिवाय तसेच राहतात, म्हणून डोळ्यांना कागदासारखं वाटतं आणि बॅटरीही खूप दिवस पुरते. सोनीने २००४ मध्ये जपानमध्ये असा रीडर काढला, नोव्हेंबर २००७ मध्ये ३९९ डॉलरचं किंडल आलं आणि काही तासांत संपलं.

आता मराठीचं बघा. आपल्याकडे लोक म्हणतात की मराठी वाचकाला कागदाचा वासच हवा असतो म्हणून ई-बुक चाललं नाही, मला हे अजिबात पटत नाही, कारण वाचायला धड काही मिळतच नव्हतं. आपली पुस्तकं डीटीपीवर, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावताना, श्रीलिपी, आकृती असल्या फॉन्टमध्ये लागायची आणि त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले, म्हणजे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सगळा मजकूर अगम्य. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती, पण छापखान्यातल्या फाइली जुन्याच राहिल्या. मग त्यांची पीडीएफ करायची, जी मोबाइलवर वाचताना प्रत्येक ओळ डावीउजवीकडे सरकवावी लागते, अक्षर मोठं केलं तरी ओळ स्क्रीनमध्ये बसत नाही. युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं तर जोडाक्षरं तुटतात, 'दुसऱ्या'तला ऱ बिघडतो, म्हणजे परत सगळं पुस्तक तपासायचं, आणि पाचशे-हजार प्रतींच्या आवृत्तीवर चालणाऱ्या प्रकाशकाने तो खर्च कुठून करायचा? शिवाय बऱ्याच डिव्हाइसवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, ते अजूनही खटकतं.

तरी लोकांनी वाट काढली. ई साहित्य प्रतिष्ठानने पीडीएफ पुस्तकं फुकट घरोघरी पोचवली, परदेशातल्या मराठी माणसांना तर त्याचं मोल जास्तच, बुकगंगा या वेबसाइटने विकत मिळणारी ई-बुकं आणली. किंडलचं भारतातलं स्टोअर २०१२ ला उघडलं, पण मराठी पुस्तकं तिथे रीतसर यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला.

जुन्या पुस्तकांची तर डीटीपी फाइलही नाही, फक्त स्कॅन. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं झाली की कॉपीराइट संपतो, मग मराठी विकिस्रोत या फुकट ऑनलाइन ग्रंथालयात काही जण एकेक पान स्कॅनशी ताडून दुरुस्त करत बसतात, त्यासाठी कुणालाही पैसे मिळत नाहीत.