‘मॅक’वरून मूळ गाव सापडत नाही

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, कॅरोलिना या पट्ट्यात ‘आम्ही मूळचे स्कॉट्स-आयरिश’ असं सांगणारी घराणी भरपूर आहेत. त्यांचं मूळ गाव गाठणं मात्र अवघड, कारण या लोकांनी घर दोनदा सोडलं. १६०६ पासून स्कॉटलंडच्या सखल भागातले आणि इंग्लंडच्या सीमेवरचे प्रोटेस्टंट शेतकरी उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात येऊन वसले. १६९० च्या दशकात स्कॉटलंडात दुष्काळ पडला, तेव्हा आणखी मोठी लाट आली. पुढे साधारण १७१८ ते १७७५ या काळात त्यांचेच वंशज जहाजं भरभरून अमेरिकेला गेले.

शोध बहुतेक जण आडनावापासून सुरू करतात आणि तिथेच फसतात. आडनावाच्या सुरुवातीचं ‘मॅक’ (Mac) पूर्ण लिहिलं तर स्कॉटिश आणि आखूड करून ‘एमसी’ (Mc) लिहिलं तर आयरिश, हा समज साफ चुकीचा. ‘एमसी’ हे ‘मॅक’ म्हणजे ‘मुलगा’ या शब्दाचंच संक्षिप्त रूप आहे. एकाच माणसाच्या कागदांत दोन्ही सापडतात. आपल्याकडे ‘कर’ लागला की निदान गावाचा अंदाज येतो, ‘मॅक’ फक्त कुणा पूर्वजाचं नाव सांगतो. शिवाय एका आडनावाचे उगम अनेक. केनेडी स्कॉटलंडच्या एअरशरमधलेही असतात आणि अस्सल आयरिशही. टायरोन परगण्यातल्या एका जुन्या आयरिश कुळाचं गेलिक नाव इंग्रजीत चक्क ‘कॅम्बेल’ झालं. आडनावाला ठिकाणाची जोड मिळाली की मात्र ते बोलू लागतं: फर्मानामधले आर्मस्ट्राँग, एलियट, जॉन्स्टन म्हटलं की स्कॉटलंड-इंग्लंड सीमेवरची लढाऊ घराणी आधी तपासावीत.

न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात अधिकाऱ्याने आडनाव बदललं, ही कथा तर इथे लागूच होत नाही. ते केंद्र १८९२ मध्ये उघडलं आणि तिथली तपासणी जहाज कंपनीने आधीच भरलेल्या यादीवरून होत असे.

म्हणून अमेरिकेतल्या कागदांवरून एकेक पिढी मागे जायचं आणि निदान परगणा, जमल्यास ‘टाउनलँड’ शोधायचं. टाउनलँड म्हणजे पॅरिशहून (एका चर्चच्या हद्दीहून) लहान, आपल्या शिवाराएवढा जमिनीचा तुकडा. आयर्लंडात असे साठ हजारांहून अधिक आहेत. प्रवाशांच्या सरकारी याद्या १८२० पासूनच्या. पेनसिल्व्हेनियाने १७२७ पासून याद्या ठेवल्या खऱ्या, पण त्या परदेशीयांच्या, मुख्यतः जर्मनांच्या. अल्स्टरचे लोक ब्रिटिश राजाचेच प्रजाजन, त्यांची नोंद कशाला? दक्षिण कॅरोलिनात थोडं नशीब उघडतं. तिथे १७६१ च्या कायद्याने प्रोटेस्टंट स्थलांतरितांना अनुदान मिळे आणि कुटुंबप्रमुखाला १०० एकर, बाकी प्रत्येक माणसामागे ५० एकर जमीन, त्यामुळे वसाहतीच्या कौन्सिलच्या इतिवृत्तांत नावं उतरली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांचे १८३२ च्या कायद्याखालचे पेन्शन अर्जही बघावेत, कारण त्यात जन्म कुठे आणि कधी झाला हे शपथेवर सांगावं लागे.

शेजारीही लिहून घ्यावेत: जमिनीचे साक्षीदार, मृत्युपत्रावर सह्या करणारे, त्याच चर्चचे सभासद. ही माणसं पाद्रीसकट निघत. १७१८ मध्ये अल्स्टरमधल्या अघाडोईचे पाद्री जेम्स मॅकग्रेगर मंडळींसह बॉस्टनला उतरले, १७७२ मध्ये पाद्री विल्यम मार्टिन यांच्यामागे पाच जहाजं चार्ल्सटनला गेली. तुमच्या पूर्वजाचं गाव कुठेच नसेल, पण शेजाऱ्याच्या थडग्यावर ते कोरलेलं असू शकतं.

आयर्लंडात पोचलं की ३० जून १९२२ आडवा येतो. त्या दिवशी यादवी युद्धात डब्लिनचं सरकारी दफ्तरखाना जळून गेला. १८२१ ते १८५१ च्या बहुतेक जनगणना त्यात संपल्या. उरतात पर्यायी याद्या: १६३० च्या सुमाराचे शस्त्र धरू शकणाऱ्या पुरुषांचे हजेरीपट, १६६० च्या दशकातली चूलकराची खाती, आणि १७९६ ची लिननच्या धाग्यासाठी जवस पिकवणाऱ्यांची यादी, ज्यात पाव एकरामागे एक चरखा बक्षीस होता. या याद्यांत पूर्वज सापडला नाही तर मागे राहिलेला भाऊ सापडतो.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे बेलफास्टच्या अभिलेखागारातले जमीनदारी दफ्तरांचे ‘तीन जिवांचे’ पट्टे. पट्ट्यात नाव घातलेल्या तिघांपैकी शेवटचं माणूस जिवंत असेपर्यंत तो चाले. म्हणून कूळ बहुधा आपल्या लहान मुलांची नावं घाली, बऱ्याचदा वयासकट. चर्चचं रजिस्टर नसलं तरी कुटुंब असं हाती लागतं.

तारखा जपून वाचाव्यात. १७५२ पूर्वी आयर्लंडात आणि वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, स्कॉटलंडात मात्र १६०० पासूनच १ जानेवारीला. मे १७३१ मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७३१ मध्ये बाप्तिस्मा दिसला तर गडबड नाही. तो आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७३२.

डीएनए चाचणीतल्या ‘इतके टक्के स्कॉटिश’ या आकड्यावर विसंबू नये. सखल स्कॉटलंड आणि अल्स्टर इतके मिसळले आहेत की ती विभागणी डळमळीतच राहते. सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी १/१२८, तोही कधी पूर्ण गळतो. आडनावासारखं बापाकडून मुलाकडे जातं ते वाय गुणसूत्र. पण त्याचीही एम२२२ ही शाखा वायव्य आयर्लंडात मुबलक आहे आणि सखल स्कॉटलंडातही सापडते. तेव्हा आधी कागदांवरून एखादं टाउनलँड निश्चित करावं, मग तिथेच राहिलेल्या शाखेतला त्याच आडनावाचा पुरुष शोधून दोघांची किमान ३७ मार्करांची (गुणसूत्रावरच्या ताडून पाहायच्या खुणांची) वाय चाचणी करावी.