क्राऊनचा आकडा लहान म्हणजे मायलेज जास्त?

पिकअप घ्यायला निघालेल्या माणसाला हमखास ऐकवलं जातं: क्राऊन-पिनियनचा, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचा, रेशो जितका कमी, तितकं डिझेल वाचतं. हे अर्धंच खरं आहे.

क्राऊनला 41 आणि पिनियनला 10 दात असले, तर रेशो 4.1. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा दांडा) 4.1 वेळा फिरतो, तेव्हा चाक एकदा फिरतं. रेशो 3.73 केला की त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये इंजिन सुमारे 9 टक्के कमी फिरतं. रिकामी गाडी, सपाट हायवे, एकसारखा वेग असेल तर थोडं डिझेल नक्की वाचतं.

पण वाशीहून माल भरून कसारा चढायला लागा. टॉपमध्ये इंजिन गुदमरतं, चौथा टाकावा लागतो, मग तिसरा. फेरे परत वाढले, बचत गेली! वर क्लचवर जादा ताण. चढाला लागणारी ताकद वजनावर ठरते, क्राऊनवर नाही.

आणि मीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल, तर रेशो बदलल्यावर किलोमीटरही चुकीचे दिसतात. त्यावरून काढलेलं मायलेज कृपया खरं धरू नका.

म्हणून आधी तुमचा रोजचा रस्ता आणि रोजचं वजन सांगा, रेशोचं नंतर बोलू.