स्मोल्टचं समुद्राकडे स्थलांतर (धरणांच्या नद्यांतलं, कोलंबिया-स्नेक खोरं)

गोड्या पाण्यात जन्मलेली सॅमन आणि स्टीलहेडची (समुद्रात जाणारा रेनबो ट्राउट) पिल्लं प्रवाहासोबत समुद्राकडे निघतात, त्या वयातल्या पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. (आपल्याकडे रावसाला इंडियन सॅमन म्हणतात पण तो वेगळ्याच कुळातला मासा, त्याचा इथे संबंध नाही.) धरणं असलेल्या नदीत हा प्रवास कसा होतो याचा जगात सगळ्यात जास्त अभ्यास अमेरिकेच्या वायव्य भागात, कोलंबिया आणि तिची उपनदी स्नेक यांच्यावर झालाय, म्हणून ही नोंद मुख्यतः तिथली आहे.

प्रवासाआधी पिल्लाचं शरीरच बदलतं. बोटुकलीच्या अंगावरचे उभे काळसर पट्टे झाकले जातात, खवल्यांवर ग्वानिन नावाचा चमकणारा पदार्थ साचून ती रुपेरी दिसते, थायरॉइडचे हार्मोन वाढतात आणि कल्ल्यांमधल्या पेशी मीठ बाहेर फेकायला तयार होतात. याच काळात ती आपल्या पाण्याचा वास लक्षात ठेवते, म्हणजे मोठी होऊन परत यायचा पत्ता. ही वासाची कल्पना विस्कॉन्सिनच्या आर्थर हॅसलर यांनी मांडली आणि पुढे प्रयोगांनी ती बरीच पक्की झाली. पण ही तयारी कायम टिकत नाही, पाणी तापलं किंवा उशीर झाला की शरीर मागे फिरतं आणि काही पिल्लं, खासकरून स्टीलहेड, नदीतच राहून जातात.

मूळ नदीत मे-जूनमध्ये बर्फ वितळून पूर यायचा आणि पिल्लं बऱ्याचदा शेपूट पुढे ठेवून त्या ओढीवर वाहत जायची, ताकद फारशी लागत नव्हती. आयडाहोतल्या रेडफिश लेकपासून समुद्र सुमारे १,४५० किमी, उतार जवळपास २,००० मीटर. आता त्याच वाटेवर आठ मोठी धरणं आहेत, १९३८ चं बॉनव्हिल सगळ्यात जुनं आणि १९७५ चं लोअर ग्रॅनाइट सगळ्यात नवं. (कोलंबियाच्या वरच्या भागातल्या ग्रँड कूली धरणाला मासे वर चढायची मत्स्यशिडीच नाही, त्याच्या वरचं पात्र सॅमनसाठी बंदच झालं.) जलाशयात ओढ राहत नाही, पिल्लाला स्वतः पोहावं लागतं, दिवस वाढतात, पाणी तापतं आणि पाइकमिनोसारखे शिकारी मासे वाट बघत असतात. नॅशनल मरीन फिशरीज सर्व्हिसच्या हॉवर्ड रेमंड यांनी १९६६ ते १९७५ मधल्या पिल्लांवर हा परिणाम नोंदवला, त्या कामाला आजही आधार मानतात.

धरण ओलांडायच्या वाटा ठरलेल्या आहेत. टर्बाइनमधून गेलं तर पाती लागण्यापेक्षाही दाबातली अचानक घट वाईट, पोटातली हवेची पिशवी फुगून फुटू शकते. म्हणून टर्बाइनच्या तोंडाशी जाळ्या बसवून पिल्लं वर वळवतात आणि बायपासने खाली सोडतात. सांडवा त्यामानाने बरा पण पाणी खोल कोसळताना हवा विरघळून जास्त होते आणि माशाच्या रक्तात बुडबुडे येतात, १९६० च्या दशकात हे लक्षात आल्यावर सांडव्यांना पाणी आडवं फेकणारे ओठ बसवले. स्मोल्ट वरच्या थरातून जातात म्हणून २००१ मध्ये लोअर ग्रॅनाइटला वरून पाणी सोडणारं दार बसवलं. आणि चौथी वाट म्हणजे पिल्लं गोळा करून बार्ज किंवा ट्रकने थेट समुद्राकडच्या शेवटच्या धरणाच्या, बॉनव्हिलच्या खाली नेऊन सोडणं. १९७७ च्या दुष्काळात सांडव्याला पाणीच नव्हतं तेव्हा याचा खूप वापर झाला.

खरा वाद वेगळाच आहे. १९८७ पासून पोटात तांदळाच्या दाण्याएवढा पिट टॅग (ओळख क्रमांकाची चिप) घालतात, त्याला बॅटरी नसते, बायपासमधला अँटेना तो वाचतो, त्यामुळे कुठलं पिल्लू कुठून गेलं आणि किती परत आले हे मोजता येतं. यातून निघालं की बार्जने नेलेली पिल्लं खाली पोचेपर्यंत जवळपास सगळी जगतात, पण परत येणारे मासे तेवढ्या प्रमाणात वाढत नाहीत. मग धरणातून आलेला ताण नंतर समुद्रात मारतो का? संशोधक बडी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हो म्हणणारे पुरावे एकत्र केले, शॅलर आणि पेट्रोस्कीही त्याच बाजूचे, कारण स्नेकचे मासे आठ धरणं पार करतात आणि खालच्या भागातल्या जॉन डे या उपनदीचे तीनच, आणि परतीत स्नेकचे मासे कमी दिसतात. उलट वेल्च आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कॅनडातल्या धरणं नसलेल्या फ्रेझर नदीशी तुलना केली तर कोलंबियात जगण्याचं प्रमाण कमी दिसलं नाही, आणि २०१३ मध्ये रेचिस्कीच्या गटाने स्नेक व याकिमा (कोलंबियाचीच दुसरी उपनदी) यांची पिल्लं किनाऱ्यापर्यंत तपासली, तिथेही फरक नाही. पण या दोन अभ्यासांतले टॅग पिट नव्हते, आवाजाचे संकेत सोडणारे होते, ते मोठे असतात म्हणून पिल्लंही मोठी निवडावी लागतात, आणि दोन नद्यांचे मासे मुळात सारखे नसतात, त्यामुळे नंतरच्या मृत्यूची शक्यता यातून खोडली गेली असं मला वाटत नाही. परतीचे आकडे जास्त लांबचं बघतात, वजन त्यांनाच द्यावं.

याला कायद्याचीही बाजू आहे. सॅमनच्या दोन जाती, स्नेकचा सॉकआय १९९१ ला आणि चिनूक १९९२ ला संकटग्रस्त यादीत आले, १९९२ मध्ये रेडफिश लेकला एकच सॉकआय नर परतला होता. २००५ मध्ये न्यायाधीश जेम्स रेडन यांनी उन्हाळ्यात सांडवे उघडे ठेवायचा आदेश दिला. नेझ पर्स, याकामा, उमाटिला आणि वॉर्म स्प्रिंग्ज या जमातींचा मासेमारीचा हक्क १८५५ च्या करारांतला आहे, म्हणजे सगळ्या धरणांच्या कितीतरी आधीचा, आणि चर्चेत तो शेवटी यावा हे बरोबर नाही.

उशिरा निघणाऱ्या फॉल चिनूकमध्ये काही पिल्लं जलाशयातच हिवाळा काढून पुढच्या वसंतात निघतात, ही सवय धरणांनंतरच नोंदली गेली. पॅसिफिक लॅम्प्रे या वामसारख्या दिसणाऱ्या माशावर लिखाण कमी मिळतं. त्याची पिल्लं वर्षानुवर्षं गाळात राहून मग खाली निघतात, पोटात हवेची पिशवी नसल्याने टर्बाइनचा दाब त्यांना फारसा बाधत नाही, पण पोहण्यात कमजोर असल्याने सॅमनसाठी बसवलेल्या त्याच जाळ्यांवर चिकटून अडकतात.